चांदपेठ अंधारली तेव्हा

१

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर लॅबचं कुलूप निघालं तेव्हा चांदपेठ जागेवर नव्हती.

अख्खं गाव गेलं होतं. बाजारपेठ, पोलीस चौकी, दवाखाना, स्टँडमागचा उसाच्या रसाचा गाडा, वेशीबाहेरचा डांबरी रस्ता. हे सगळं गाव एका काळ्या डब्यात नांदत होतं, आणि तो डबा जिथं असायचा त्या टेबलावर आता धुळीतला एक चौकोन आणि चार लोंबत्या वायरी एवढंच उरलं होतं. कुलूप कुणी फोडलं नव्हतं. कुणीतरी किल्लीनं उघडलं होतं आणि जाताना शहाण्यासारखं परत लावलं होतं.

नगरच्या त्या कॉलेजातल्या मुलामुलींनी कॉम्प्युटरवरच्या खेळातलं हे गाव दोन वर्षं खपून उभं केलं होतं. आपापल्या खोलीत लॅपटॉप उघडायचा, एक पात्र व्हायचं आणि गावात शिरायचं. कुणी हवालदार, कुणी वाणी, कुणी डॉक्टर, कुणी पाकीटमार. बोलायचं ते त्या पात्राच्या तोंडानं. गावात चोऱ्या व्हायच्या, दरोडे पडायचे, पाठलाग व्हायचे. मात्र चोरी कशी करायची आणि मार कसा खायचा, याचेही नियम होते, आणि पोरं ते परीक्षेच्या अभ्यासापेक्षा जास्त मनावर घ्यायची.

प्राचार्य सुमंत सरांनी शोभा मुळे यांना बोलावून घेतलं. शोभाताई संख्याशास्त्र शिकवायच्या आणि मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक होत्या. प्रश्न थोडे विचारायच्या आणि उत्तरासाठी थांबायच्या. त्या थांबण्यातच समोरचा निम्मं बोलून जायचा.

"चोर कोण ते उघड आहे," सर म्हणाले. "तुम्ही फक्त तिच्याकडून डबा काढून घ्या."

"तिच्याकडून?"

"मोनिका कुऱ्हे. लॅबच्या किल्ल्या दोनच. एक त्या खेळाच्या प्रमुखाकडे, अर्णव पाठककडे. दुसरी मोनिकाकडे. काल, रविवारी संध्याकाळी, डब्याची वायर उपटली आणि त्याच क्षणी सगळ्यांच्या स्क्रीन काळ्या झाल्या. त्या क्षणी अर्णव त्या गावात होता. पाच जणांनी पाहिलाय त्याला. शेजारच्या खोलीतल्या मुलांना भिंतीतून खेळाचा आवाज येत होता. मोबाईलवर तो खेळ चालत नाही. आता गावात असलेला माणूस त्याच वेळी लॅबमध्ये कसा असेल?"

"आणि मोनिका?"

"गावात नव्हती. कुठं होती ते सांगत नाही." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गुरुवारी तिचे वडील बेलापूरहून टेम्पो घेऊन येतायत. तोवर डबा मिळाला तर ठीक. नाहीतर वसतिगृह बंद, आणि वर्तणुकीच्या दाखल्यावर मी सही करणार नाही."

शोभाताईंना त्या सहीचं वजन माहीत होतं. सुप्याच्या एका कारखान्यानं मोनिकाला शिकाऊ म्हणून निवडलं होतं, आणि दाखला लागल्याशिवाय तिथं तिला फाटकाच्या आत कुणी घेणार नव्हतं.

२

मोनिका खाटेवर पाय दुमडून बसली होती. शेजारी अर्धी भरलेली बॅग होती. तिनं आधीच आवरायला घेतलं होतं.

"एवढी घाई?" शोभाताई म्हणाल्या.

"आण्णांना ताटकळत ठेवायला नको, मॅडम. टेम्पो शेजाऱ्यांचा हाय."

"डबा तू नेलास?"

"न्हाई."

"मग रविवारी संध्याकाळी कुठं होतीस?"

"एका मुलीजवळ बसले होते."

"कोण?"

मोनिकानं बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली, तशी ती तिच्याशीच झटापट करत राहिली.

"तिचं नाव सांगितलंस तर तू आत्ता सुटतेस, मोनिका."

"म्हणूनच सांगत न्हाई. मी तिला शब्द दिलाय. आता माझ्यावर आलं म्हणून तिला पुढं करू व्हय?"

शोभाताई थांबल्या. खालच्या नळावर कुणीतरी बादली आपटली. मोनिकानंच तोंड उघडलं.

"शुक्रवारी मी सरांना सांगितलं हुतं, सोमवारी डबा उघडून तुमाला एक गोष्ट दाखवते. गावात घडलेलं सगळं त्या डब्यात साठतं, मॅडम. सरांनी अर्णवला सांगितलं, त्यानं ग्रुपवर टाकलं. म्हंजी मी काहीतरी दाखवणार हे सगळ्यांना ठाऊक झालं. आता तोच म्हणतोय, दाखवायला काही नव्हतंच म्हणून हिनं डबा पळवला."

"काय दाखवणार होतीस?"

"ते बी तिचंच हाय. माझं न्हाई." मग तिला थोडं हसू आलं. "गावात मी चोर आहे ना, मॅडम. लंकी पाकीटमार. त्यामुळं सगळ्यांना पटकन पटलं. पण आमच्या गावात चोरालाबी नियम असतात. खऱ्या माणसाचं नाव घ्यायचं न्हाई. मरण समोर दिसलं तर भ्यायचं. बाहेर कळलेलं आत वापरायचं न्हाई, म्हंजी मला मोनिका म्हणून ठाऊक असलं तरी लंकीनं ते स्वतः पाहिलं नसेल तर लंकीला ते ठाऊक न्हाई. आणि सगळ्यांत मोठा नियम पडद्याचा. कुणाला प्रसंग नकोसा झाला की 'पडदा' म्हणायचं. म्हटलं की जागच्या जागी थांबायचं. का, कशाला, विचारायचं न्हाई."

"हे नियम कुणी लिहिले?"

"अर्णवनं," मोनिका म्हणाली, आणि त्या नावाबरोबर तिचं हसू विझलं.

३

अर्णव पाठक वेळेआधी येऊन बसला होता. नगरमधल्या वकिलाचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट, आवाज देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ.

"मॅडम, मला मोनिकाबद्दल वाईटच वाटतं. पण नियम म्हणजे नियम."

"तुझे नियम मला नीट कळले नाहीत. एखादं उदाहरण दे."

त्याचा चेहरा उजळला. आवडीच्या गाण्याची फर्माईश झाली की गाणाऱ्याचा उजळतो तसा.

"गुन्हा खरा वाटला पाहिजे, एवढंच. बाकी कॉलेजांतल्या खेळांत काय चालतं माहितीय? माणूस गोळी खातो आणि पुढच्या मिनिटाला उड्या मारतो. आमच्याकडे नाही. माझं पात्र आबाशेट, टेम्पोतून चोरटा माल नेणारा. शुक्रवारी चौकीसमोर आबाशेटच्या मांडीत गोळी गेली. मला पळून जाता आलं असतं, मॅडम. एक बटण दाबलं की झालं. मी दाबलं नाही. लंगडत, फरफटत बाभळीमागे गेलो. पकडलं असतं तरी चाललं असतं."

"मग जखम बरी झाली?"

"दवाखान्याचा प्रसंग उद्या मंगळवारी ठरला होता. डॉक्टर होणारा मुलगा गावी गेलाय. शनिवारी चांदपेठेला सुट्टी. दवाखाना होईपर्यंत लंगडायचं. त्यात सूट नाही, मलाही नाही."

"शुक्रवारी हे पाहायला कोण होतं?"

"तिघं-चौघं, ते सगळे शनिवारीच घरी गेले. प्रणिता नव्हती, तिचं प्रॅक्टिकल होतं. माझा रूममेट हर्षल सुप्याला घरी गेला होता. नंतर कुणाला सांगायचा प्रश्नच नाही. बाहेरचं आत न्यायचं नाही, मग आतलं तरी बाहेर कशाला चघळायचं?"

"आणि रविवारी?"

"रविवारी खोलीवरून खेळत होतो. हर्षल खाटेवर झोपला होता, विचारा त्याला. प्रणिता इन्स्पेक्टर आहे, तिनं तर मला शेवटपर्यंत पाहिलंय. फक्त मी बोललो नाही. घसा पार बसला होता."

"रविवारी संध्याकाळी?"

"हो. शब्द फुटत नव्हता."

शोभाताईंनी मान डोलावली. रात्रीत एवढा खणखणीत सुटलेला घसा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. पण घशाचं काय, तो कुणाचा लवकरही सुटतो.

४

मंगळवारी हर्षल दारातच चपला काढून आत आला. शोभाताईंनी सांगितलं तरी पुन्हा घालेना.

"मॅडम, मला काय बी म्हाईत न्हाई. मी झोपलो हुतो."

"अजून मी काही विचारलंच नाही, हर्षल."

त्यानं कान चोळला. "न्हाई, म्हटलं आधीच सांगून टाकावं."

"सुप्याहून कधी आलास?"

"रविवारी दुपारी. वडिलांनी टपरीला नवा पत्रा टाकलाय, तिथं हातभार लावायला गेल्तो. आलो, जेवलो, आडवा झालो. अर्णव खेळत हुता."

"झोपला होतास तर तो खेळत होता हे कसं कळलं?"

"आवाज येत हुता ना, मॅडम. आणि अर्णव दुसरं करतोय काय? सकाळी दात घासताना बी नियम सांगतो."

शोभाताई हसल्या. हर्षलही हसला, आणि त्याचे खांदे थोडे सैल पडले.

"तूही चांदपेठेत जातोस?"

"कधीमधी. माझा चहाचा गाडा हाय. खऱ्यात बी टपरी, खेळात बी टपरी. अर्णव म्हणतो, तुला कल्पनाच न्हाई."

"तुमचा आबाशेट कसा आहे रे? मी पाहिला नाही."

"लई चपळ! भिंत म्हणू नका, छप्पर म्हणू नका. पोलीस मागं लागले की माकडागत वर."

"अजूनही?"

"अजून म्हंजी? हायेच की तसा. परवा पण..." हर्षल थबकला. "म्हंजी, नेहमी आसतोच."

त्यांनी त्याला जायला सांगितलं. तो गेला तो घाईघाईनं, आणि डाव्या पायाची चप्पल उजव्यात घालून. शोभाताई रिकाम्या दाराकडे बघत राहिल्या. चपळ म्हणणारा हा, आणि लंगडा म्हणणारा तो. दोघं एकाच खोलीत राहतात. हर्षलला शुक्रवारची गोळी ठाऊक नाही, हे एक वेळ ठीक. पण मग 'परवा' त्यानं काय पाहिलं?

५

प्रणितानं लॅपटॉप उघडला तो जरा फुशारकीनंच. चांदपेठेत ती इन्स्पेक्टर होती.

"पोलीस झालं की आपल्या स्क्रीनचं चित्रण ठेवावंच लागतं, मॅडम. उद्या कुणी म्हणालं, पोलिसानं खोटं पकडलं, तर पुरावा नको? हे डब्यात नसतं, माझ्याच लॅपटॉपवर असतं."

"हे कुणाला दाखवलंस?"

"सरांना सांगितलं. ते म्हणाले, अर्णव दिसतोय ना, मग झालं. पाहिलं नाही त्यांनी."

चित्र सुरू झालं. शोभाताईंनी चांदपेठ पहिल्यांदाच पाहिली आणि त्यांना ती आवडली. संध्याकाळचं तांबूस ऊन होतं. दुकानांवर पाट्या होत्या, एका पाटीवरचा रंग मुद्दाम उडालेला दाखवला होता. रसाच्या गाड्याच्या घुंगराचा आवाज येत होता. ही पोरं घरापासून लांब येऊन राहतात, शोभाताईंच्या मनात आलं, आणि इथं येऊन पुन्हा गावच बांधतात.

इन्स्पेक्टर झालेली प्रणिता ओरडत होती, "आबाशेट, थांबा! हात वर!"

समोर टोपीवाला एक जाडा माणूस होता. त्यानं हात वर केले नाहीत, काही बोलला नाही. टेम्पोवरून खाली उडी मारली, रस्ता ओलांडून सुसाट पळाला, गोदामाच्या भिंतीवर चढला, आणि तो भिंतीवर उभा असतानाच सगळं काळं झालं.

"इथं गेलं गाव," प्रणिता हळू आवाजात म्हणाली.

"पुन्हा दाखव."

पुन्हा उडी, पुन्हा धाव, पुन्हा भिंत.

"याच्या मांडीत गोळी होती, प्रणिता."

"कुणाच्या? आबाशेटच्या?" प्रणिताचे डोळे मोठे झाले. "कधी? मला कुणी सांगितलंच नाही... आणि सांगणार तरी कसं, मी शुक्रवारी आत नव्हते."

शोभाताईंना तेव्हा सगळं उमगलं. बाहेरचं आत न्यायचं नाही, आतलं बाहेर बोलायचं नाही, या शिस्तीमुळं प्रत्येकाच्या हातात गोष्टीचा एकेकच तुकडा होता. अर्णवला गोळी ठाऊक होती, पण रविवारची धाव त्यानं पाहिलेली नव्हती. प्रणितानं धाव पाहिली, पण तिला गोळी ठाऊक नव्हती. हे दोन तुकडे शेजारी ठेवायला गावाबाहेरचंच माणूस लागत होतं.

पण एवढ्यानं काही सिद्ध होत नव्हतं. अर्णव म्हणाला असता, विसरलो, माणूस आहे. त्या एका शब्दापुढं सगळं संपलं असतं. आणि उद्याचा दिवस गेला की गुरुवार होता.

६

बुधवारी दुपारी प्राचार्यांच्या खोलीत शोभाताईंसमोर चौघं जमले. सुमंत सर, प्रणिता, दाराशी उभा हर्षल, आणि अर्णव. शोभाताईंनी अर्णवला स्वतःशेजारची खुर्ची दिली.

"चोरीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे एका खेळाडूची तक्रार आली आहे. नियम तू लिहिलेस, निवाडा तूच कर. नाव आत्ता सांगत नाही, म्हणजे तुला कुणाची भीड पडायला नको."

अर्णव सावरून बसला. "सांगा, मॅडम."

"एकाच्या पायाला गोळी लागली. दवाखाना झालेला नाही. पुढच्याच खेळात तो धावला, भिंतही चढला."

"दवाखाना नक्की झाला नाही?"

"नक्की."

"मग चर्चाच नको. पात्र कायमचं बंद. अशा लोकांमुळे खेळाची अब्रू जाते."

"विसरला असेल बिचारा."

"जखम विसरता येते का, मॅडम? तुमच्या पायात काटा असेल तर तुम्ही विसराल? जो विसरतो तो खेळाडूच नाही. हौशी आहे."

दाराशी हर्षलनं खाली मान घातली.

शोभाताईंनी खूण केली, आणि प्रणितानं लॅपटॉप फिरवला. टेम्पो. उडी. रस्ता. जाडा टोपीवाला वाऱ्यासारखा धावत होता.

अर्णव पुढं झुकला. तो त्या पळणाऱ्या माणसाकडे बघत होता, जणू आपल्या अंगरख्यात दुसरा माणूस दिसावा.

"हा तू आहेस," शोभाताई म्हणाल्या. "रविवारी, गाव अंधारलं तेव्हा. म्हणजे आबाशेट बंद. आणि प्रमुख म्हणून तुझं नाव..."

"मी असा पळणार नाही."

"पळालास तर खरा. सगळ्या गावानं पाहिलं. विसरला असशील."

दार त्यांनी उघडं ठेवलं होतं. 'हो, विसरलो' एवढं म्हणायचं आणि बाहेर पडायचं. अर्णवनं त्या दाराकडे पाहिलंही असेल. पण चित्र चालूच होतं, आबाशेट भिंतीवर चढत होता, ज्या पायावर त्यानं शुक्रवारी फरफटत जाऊन अभिमान मिळवला होता त्याच पायावर, आणि प्रणिता त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघत होती.

"हे भिकार आहे!" तो उसळून उठला. "इतकं टुकार मी आयुष्यात खेळलो नाही! हा मी नाहीच!"

अर्णव उभाच होता. स्वतःचे शब्द स्वतःच्या कानांत शिरायला त्याला थोडा वेळ लागला.

"मग कोण आहे?" सुमंत सरांनी विचारलं.

"मी हाय, सर," दारातून हर्षल म्हणाला.

७

हर्षल बोलायला लागला तेव्हा थांबेना.

"अर्णव म्हणाला, जरा बस माझ्या जागी, आबाशेटला हलता ठेव, बोलू नको, माइक बंद हाय. मला वाटलं, पोरगी-बिरगी भेटायला चाललाय. मित्र हाय, बसलो. तेवढ्यात प्रणिता मागं लागली. आबाशेट नेहमी पळतो, म्हणून म्या पळवला. गोळीचं कुणी सांगितलंच न्हाई! सोमवारी डबा गेल्याचं कळलं तवा मला उमगलं, हा कुठं गेल्ता ते. पण रूमवर परत गेल्यावर हाच मला म्हणाला, तू बी बसला हुतास, तू बी सापडशील."

"घाईत त्याला पाय सांगायचा राहिला," शोभाताई म्हणाल्या. "हर्षल खुर्चीत होता तेव्हा अर्णव लॅबमध्ये होता. गावात होतं ते त्याचं पात्र, तो नव्हता. आपण पात्र पाहिलं आणि माणूस धरून चाललो."

डबा सापडला तो स्नेहसंमेलनाच्या सामानाच्या खोलीत, राजाच्या सिंहासनाच्या पोकळ बुडाखाली. अर्णवनंच जागा दाखवली. त्याचा आवाज आता खरोखर बसला होता.

वायरी जोडल्या. मोनिकानं कुठल्या दिवशीचं पाहायचं तेवढं सांगितलं आणि स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. सर आणि शोभाताई दोघांनीच पाहिलं.

गोदाम होतं. आबाशेटनं एका मुलीच्या पात्राला कोंडून ठेवलं होतं. सुरुवातीला ती खेळातलं बोलत होती. मग तो जवळ येऊन जे बोलू लागला त्यात खेळातलं काही उरलं नव्हतं. मुलगी म्हणाली, "पडदा." तो थांबला नाही. ती पुन्हा म्हणाली. मग तिचा आवाज पात्राचा राहिला नाही, रोज हजेरीला "उपस्थित" म्हणणारा आवाज झाला, आणि शोभाताईंनी तो ओळखला. "पडदा, अर्णव, पडदा, प्लीज." दार बंदच होतं.

ती मुलगी आधी खेळाच्या प्रमुखाकडे तक्रार घेऊन गेली होती. प्रमुख अर्णवच होता. खेळातलं मनाला लावून घ्यायचं नसतं, असं त्यानं तिला समजावलं होतं. मग ती मोनिकाकडे गेली.

सरांनी स्क्रीन मिटली. बराच वेळ त्यांनी पेन उगाच उघडलं, मिटलं.

"मोनिका सुटली. तिच्या दाखल्यावर आत्ता सही करतो. चोरीची शिक्षा अर्णवला होईलच." ते अडखळले. "हे दुसरं... हे शेवटी खेळातलं आहे, शोभाताई. त्याचे वडील वकील आहेत. कशाला वाढवायचं?"

"गाव खेळातलं होतं, सर. आवाज खेळातला नव्हता. तुम्ही ऐकलात."

सरांनी पेनचं टोपण लावलं.

"चोरीसाठी शिक्षा केलीत आणि हे सोडलंत," त्या म्हणाल्या, "तर एका लोखंडी डब्याची किंमत या मुलीपेक्षा जास्त ठरेल. तक्रार निवारण समितीपुढं हे जायला हवं."

"मुलगी कोण ते तरी सांगा."

"तिनं अजून सांगितलेलं नाही. सांगेल तेव्हा."

आणि तिनं सांगितलं नव्हतं, म्हणून शोभाताईंनी ते नाव कुणापुढं उच्चारलं नाही. मनातल्या मनातही नाही.

८

गुरुवारी टेम्पो आला. बुधवारी रात्री फोन लागला नव्हता. सकाळी निरोप पोचायच्या आधीच गोरक्ष कुऱ्हे बेलापूरहून निघाले होते, आणि फोन टेम्पोच्या खडखडाटात त्यांना ऐकू गेला नव्हता. ते आले, मुलीकडे न बघता तिनं आधीच खाली आणून ठेवलेली गादी उचलून टेम्पोत टाकली, आणि बॅगेला हात घातला.

"आण्णा, ऐका तरी," मोनिका म्हणत होती. "मला जायचं न्हाई आता."

"घरी बोलू."

"आहो, चोर सापडला!"

"कोण?" गोरक्ष थांबले. मग शोभाताई फाटकातून आल्या तशी त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "ताई, ही काय म्हणती?"

शोभाताईंनी त्यांना सगळं सांगितलं. कट्ट्यावर बसून, हळू, पोरीच्या बापाला सांगावं तसं. मोनिकाला गप्प राहून काय गमवावं लागलं असतं, तेही सांगितलं. दुसऱ्या मुलीविषयी फक्त 'एक मुलगी' एवढंच म्हणाल्या.

गोरक्ष ऐकत राहिले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत घातली.

"चार दिस झोपलो न्हाई, ताई. गावात कुणाला सांगितलं न्हाई. हिची आई म्हणत हुती, आपली पोर चोरी करायची न्हाई. मी म्हणायचो, शहरात कोन कसं बदलतं." ते मुलीकडे वळले. "मला तरी सांगायचं हुतं नाव. मी काय गावभर केलं असतं?"

"तुमी आईला सांगितलं असतं," मोनिका म्हणाली. "आणि आईनं मावशीला."

गोरक्ष पहिल्यांदा हसले. "ते बी खरं."

ते उठले, टेम्पोत चढले आणि गादी पुन्हा डोक्यावर घेतली. "कितव्या माळ्यावर?"

"आण्णा, वर पुरुषांना बंदी हाय!"

गोरक्ष गादीखालून शोभाताईंकडे बघू लागले. वसतिगृहाचा तो नियम शोभाताई कडक पाळायच्या. त्यांनी जिन्याच्या तोंडाशी जाऊन वर तोंड केलं आणि आवाज दिला, "मुलींनो, मोनिकाचे वडील वर येतायत गं!"

वर दारं धडाधड लागली, दोरीवरचे कपडे ओढले गेले, कुणीतरी खुदकन हसलं. गोरक्ष मान खाली घालून एकेक पायरी चढू लागले. गादी जिन्याच्या वळणावर कठड्याला अडली. मागं जाता येईना, पुढंही.

तेव्हा वरून एक मुलगी उतरली. पहिल्या वर्षाची, बारीक, ओले केस तसेच सोडलेले. तिनं गादीचं वरचं टोक धरलं.

"काका, थोडं डावीकडं घ्या. हां. आता या."

गादी सुटली. मोनिका खालच्या पायरीवर हातात बॅग घेऊन उभी होती. तिनं त्या मुलीला मानेनं नकार दिला, नको, तुला यायची गरज नाही, असा. मुलीनं पाहिलं, आणि गादी सोडली नाही. जिन्याच्या मधोमध उभी राहून ती शोभाताईंना म्हणाली,

"मॅडम, समितीकडे अर्ज कसा लिहायचा?"

"माझ्या खोलीत ये. मी सांगते."

"नाव घालावंच लागतं?"

"तुझी इच्छा असेल तर. ते बाहेर जाणार नाही."

मुलीनं गादीवरची पकड सारखी केली. गादीच्या दुसऱ्या टोकाला गोरक्ष काही न कळल्यासारखे, पण न हलता उभे होते. आजूबाजूची दारं किलकिली झाली होती.

"मग लिहून घ्या," ती म्हणाली, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "अपूर्वा. अपूर्वा रानडे. पहिलं वर्ष, विज्ञान."

मग ती वळली आणि गोरक्षांना म्हणाली, "चला काका, अजून एक माळा आहे."